चर्चचा पॅरिश, गावचा पॅरिश: इंग्लंडमधल्या लहान खेड्याचा कारभार कसा चालतो

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून इंग्लंडला गेलेलं एक कुटुंब शहर सोडून सुमारे चारशे वस्तीच्या खेड्यात राहायला आलं आहे. काउन्सिल टॅक्सच्या, म्हणजे घरावरच्या स्थानिक कराच्या, बिलावर ‘पॅरिश’ म्हणून वेगळी ओळ दिसते. हा पॅरिश चर्चचा की सरकारचा? त्याचे अधिकार काय? भारतीय नागरिकाला त्यात भाग घेता येतो का? आणि गावाचा जुना इतिहास कुठे सापडेल?

सगळा घोळ एका शब्दाचा आहे. ‘पॅरिश’ या एकाच नावाच्या दोन संस्था गावात नांदतात. एक चर्चचा पॅरिश, त्याचा कारभार पॅरोकियल चर्च कौन्सिल पाहते. दुसरा नागरी पॅरिश, त्याचा कारभार पॅरिश कौन्सिल पाहते. तुमच्या बिलावरचे पैसे दुसऱ्याला जातात. दोघांच्या सीमा अनेकदा जुळत नाहीत, पत्ते सारखे दिसतात, आणि पत्रं हमखास चुकीच्या दारात पडतात. १८९४ पर्यंत गावापुरत्या या दोन्ही गोष्टी एकाच सभेत गुंतलेल्या होत्या. त्या वर्षीच्या कायद्याने वाटणी केली, आणि आजचे बहुतेक वाद त्या वाटणीच्या रेषेवरच होतात. म्हणून इतिहास आधी सांगतो. तो बाजूला ठेवून कारभार कळत नाही.

मुळात पॅरिश म्हणजे एका चर्चला दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, देणारा मुलूख. राजसत्तेने आपली कामं या तयार चौकटीवर लादली ती सोळाव्या शतकात. १५३८ मध्ये आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी. १५५५ च्या कायद्याने रस्त्यांची जबाबदारी पॅरिशवर आली: दर घराने वर्षाला चार दिवस रस्त्यावर फुकट राबायचं, १५६३ पासून सहा दिवस. १५९८ आणि १६०१ च्या कायद्यांनी गरिबांना पोसण्याचं काम आलं. त्यासाठी ओव्हरसीअर नेमले जात आणि ते गावातल्या जमीनजुमल्यावर पट्टी बसवून पैसे गोळा करत. चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चची व्यवस्था पाहणारे गावकरी, हेही या कामात त्यांच्या बरोबरीने असत. यांपैकी कोणालाही पगार नव्हता आणि नेमणूक सहसा वर्षापुरती असे.

ही मंडळी जमत ती चर्चमध्ये, पाद्र्याचे झगे ठेवण्याच्या खोलीत. त्या खोलीचं नाव व्हेस्ट्री, म्हणून सभेचंही नाव व्हेस्ट्री. कागद एका लाकडी पेटीत राहत. १६०३ च्या चर्च-नियमांनुसार त्या पेटीला तीन कुलुपं हवीत: एक किल्ली पाद्र्याकडे, दोन किल्ल्या दोघा चर्चवॉर्डनांकडे. तिघं जमल्याशिवाय पेटी उघडायची नाही. अशा पेट्या आजही कित्येक चर्चमध्ये दिसतात. मात्र आतले कागद आता तिथे नसतात, त्याबद्दल शेवटी.

गरिबांच्या खर्चामुळे पॅरिशची सीमा माणसाच्या पोटापाण्याशी जोडली गेली. १६६२ च्या सेटलमेंट कायद्याने ठरलं की दहा पौंडांपेक्षा कमी वार्षिक भाड्याच्या जागेत नव्याने येऊन राहिलेला माणूस उद्या गावावर ओझं होईल असं वाटलं, तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला मूळ पॅरिशमध्ये परत पाठवता येतं. १६९७ च्या कायद्यानुसार मदत घेणाऱ्याने उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचं ‘पी’ अक्षर आणि सोबत पॅरिशचं आद्याक्षर शिवायचं होतं. ही सक्ती १८१० मध्ये गेली. गरोदर बाईला प्रसूतीआधी सीमेपलीकडे घालवण्याचे प्रकार याच व्यवस्थेतून झाले, कारण अनौरस मूल जिथे जन्मेल तो पॅरिश त्याचा खर्च उचले. ओव्हरसीअरच्या वहीत ‘इतके शिलिंग, गाडीभाडं, अमुक बाई’ अशी कोरडी ओळ दिसली की त्यामागे बहुधा हे असतं. या नोंदी वाचताना घाई करू नका.

व्हेस्ट्रीच्या आधीपासून गावात दुसरीही एक सत्ता होती: जमीनदाराचं मॅनर कोर्ट, ज्याच्या एका रूपाला कोर्ट लीट म्हणतात. शेतीचे नियम, गुरं, बांध, कॉन्स्टेबलची नेमणूक हे सगळं तिथे ठरे. बहुतेक ठिकाणी ती व्यवस्था विरून गेली. नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टन गावात मात्र ती आजही चालते, आणि तिच्यामुळे पॅरिशचं जुनं चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं. लॅक्स्टनला वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन मोठी उघडी शेतं आहेत. त्यांत प्रत्येक शेतकऱ्याच्या विखुरलेल्या पट्ट्या आहेत आणि मध्ये कुंपण नाही. १६३५ मध्ये मार्क पिअर्सने केलेला या गावाचा नकाशा उपलब्ध आहे आणि त्यात एकेक पट्टी दाखवलेली आहे. पिकांचा फेर तीन वर्षांचा असतो. नोव्हेंबरच्या अखेरीस गावातले ज्यूरर, म्हणजे कोर्टाने नेमलेले पंच, गव्हाच्या शेतात फिरतात, सोबत खुंट्या आणि हातोडा घेऊन. पट्ट्यांच्या कडेला सामाईक गवताचे पट्टे असतात, त्यांना ‘साइक’ म्हणतात. कोणी नांगर त्या गवतात घातला असेल, म्हणजे आपल्या भाषेत बांध कोरला असेल, तर तिथे खुंटी ठोकून खरी हद्द दाखवायची आणि नाव टिपून घ्यायचं. पुढच्या गुरुवारी डव्हकोट इन या पबमध्ये कोर्ट भरतं आणि दंड लागतो. रक्कम किरकोळ असते. गावासमोर नाव वाचलं जाणं हीच खरी शिक्षा. या कोर्टाकडे ‘पिंडर’ नावाचा पदाधिकारीही असतो. भटकी गुरं पकडून कोंडवाड्यात घालणं हे त्याचं पूर्वापार काम. १९७७ च्या कायद्याने देशभरातल्या अशा कोर्टांचे अधिकार संपवले, लॅक्स्टनचे मात्र राखले.

याच लॅक्स्टनमध्ये वेगळी पॅरिश कौन्सिलही आहे, शेजारच्या मूरहाउस वाडीसह. कोर्ट शेताच्या कडा पाहतं, कौन्सिल गावाच्या सार्वजनिक सोयी पाहते, आणि चर्च कौन्सिल चर्चची इमारत पाहते. एका गावात तीन संस्था, तिघींचे अधिकार वेगळे. तुमच्या गावात पहिली नसेल, पण उरलेल्या दोन आहेतच.

आता वाटणी. एकोणिसाव्या शतकात व्हेस्ट्रीची कामं एकेक करून सुटत गेली. १८३४ मध्ये गरिबांचा कारभार अनेक पॅरिश मिळून केलेल्या ‘युनियन’कडे गेला. त्या कायद्यासमोर ज्या वर्कहाउसचा, म्हणजे गरिबांना ठेवून त्यांच्याकडून काम करवून घेणाऱ्या घराचा, नमुना होता, ते १८२४ चं वर्कहाउस नॉटिंगहॅमशरमध्येच साउथवेलला आहे आणि आत जाऊन पाहता येतं. १८३५ मध्ये रस्त्यावरची वेठ संपली. १८६८ मध्ये चर्चसाठीची सक्तीची पट्टी गेली. शेवटी १८९४ च्या कायद्याने व्हेस्ट्रीची उरलेली नागरी कामं निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलकडे दिली आणि त्या डिसेंबरमध्ये पहिल्या निवडणुका झाल्या. बायकांना, विवाहित बायकांनाही, मत देता आलं आणि उभं राहता आलं. पाद्र्याला पदसिद्ध जागा मिळाली नाही. बाप्तिस्मा-लग्न-दफनाची रजिस्टरं आणि चर्चचे कागद चर्चकडे राहिले, बाकीचे गावाचे कागद कौन्सिलच्या ताब्यात गेले. गावातल्या जुन्या, चर्चशी संबंध नसलेल्या धर्मादाय निधींवर विश्वस्त नेमण्याचा हक्कही कौन्सिलला मिळाला. आज कौन्सिलचा एखादा सदस्य अमुक धर्मादाय निधीवर का बसतो, याचं उत्तर बहुधा इथे असतं.

सध्याची चौकट १९७२ च्या कायद्याची आहे, १ एप्रिल १९७४ पासून लागू. इंग्लंडभर सुमारे १०,००० पॅरिश आणि टाउन कौन्सिलं आहेत. किमान पाच सदस्य, मुदत सहसा चार वर्षांची. अध्यक्ष दर वर्षी मे महिन्याच्या सभेत सदस्यांमधून निवडला जातो. महाराष्ट्रातल्या सरपंचासारखी थेट निवड नाही आणि सरपंचासारखा अधिकारही नाही. हे ठळकपणे सांगतो, कारण मराठी माणसाची पहिली चूक इथेच होते: अध्यक्षाला भेटून काम होत नाही. एकट्या सदस्याला, अध्यक्षालाही, कौन्सिलच्या वतीने एक पेनी खर्च करण्याचा निर्णय घेता येत नाही. निर्णय सभा घेते, किंवा सभेने अधिकार दिलेली समिती किंवा क्लार्क घेतो. क्लार्क हा ग्रामसेवकासारखा वरून आलेला नसतो. तो कौन्सिलचा स्वतःचा पगारी नोकर असतो, बहुधा आठवड्यातून काही तासांपुरता, आणि कायद्याचं पालन होतंय का हे पाहणं त्याच्याकडे असतं. सदस्याला पगारी क्लार्क होता येत नाही, सदस्यत्व सोडल्यावरही बारा महिने नाही. अगदी लहान पॅरिशमध्ये, साधारण दीडशेच्या आत मतदार असतील तिथे, बहुतेक वेळा कौन्सिलच नसते. सगळ्या मतदारांची पॅरिश मीटिंग कारभार पाहते.

अधिकार अरुंद आहेत. पॅरिश कौन्सिल बाकं, बसथांबा, खेळाचं मैदान, भाड्याने द्यायचे भाजीचे वाफे, दफनभूमी, युद्धस्मारक, गावाचं सभागृह, पायवाटांची निगा आणि काही ठिकाणी दिवे पाहू शकते. प्रत्येक खर्चामागे कुठल्या तरी कायद्याचं कलम लागतं. नीट ठेवलेल्या इतिवृत्तात रकमेशेजारी ते लिहिलेलं असतं. कलम सापडलं नाही तर १९७२ च्या कायद्याचं कलम १३७ वापरतात, पण त्याला दर मतदारामागे ठरावीक रकमेची वार्षिक मर्यादा असते. दोन-तृतीयांश सदस्य निवडून आलेले असतील आणि क्लार्ककडे ठरलेली पात्रता असेल, तर कौन्सिल ‘जनरल पॉवर ऑफ कॉम्पिटन्स’, म्हणजे सामान्य माणसाला कायद्याने जे करता येतं ते करण्याचा अधिकार, घेऊ शकते. मग हा शोध बराचसा संपतो. बाकीची कामं वरच्या स्तरावरच्या कौन्सिलांची (काउंटी म्हणजे जिल्ह्याएवढी, डिस्ट्रिक्ट म्हणजे तिच्यातल्या एका भागाची, युनिटरी म्हणजे दोन्हींची कामं एकटी करणारी): रस्त्यातले खड्डे काउंटी किंवा युनिटरी कौन्सिलकडे, कचरा आणि बांधकाम परवानगी डिस्ट्रिक्ट किंवा युनिटरी कौन्सिलकडे. बांधकाम अर्जावर पॅरिश फक्त मत कळवते, साधारण २१ दिवसांच्या आत. ‘आमच्या घराची किंमत पडेल’, ‘खिडकीतला देखावा जाईल’ ही कारणं तिथे धरली जात नाहीत. रहदारी, सांडपाणी, सावली, वारसा-इमारतीवरचा परिणाम हे धरलं जातं.

सभेची नोटीस हा किरकोळ वाटणारा आणि सर्वांत जास्त चुकणारा भाग आहे. सभेआधी तीन पूर्ण दिवस नोटीस लागलेली हवी. नोटिशीचा दिवस, सभेचा दिवस, रविवार आणि सुट्ट्या त्यात मोजायच्या नाहीत. सभा गुरुवारी असेल तर बुध, मंगळ, सोम हे तीन दिवस. रविवार गळला, म्हणून नोटीस शनिवारपर्यंत लागली पाहिजे, आणि शहाणा क्लार्क ती शुक्रवारीच लावतो. सभा सोमवारी असेल तर शनि, शुक्र, गुरू मोजायचे आणि नोटीस बुधवारी लावायची. मध्ये बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी, आली की आणखी एक दिवस मागे. विषयपत्रिकेवर जो विषय स्पष्ट लिहिलेला नाही, त्यावर निर्णय घेता येत नाही. म्हणून ‘ऐनवेळचे विषय’ या शीर्षकाखाली खर्चाचा ठराव झाला असेल तर तो टिकत नाही. कोरम एक-तृतीयांश, पण तीनपेक्षा कमी कधीच नाही. आणि लॅक्स्टनचं कोर्ट पबमध्ये भरत असलं, तरी पॅरिश कौन्सिलला दारूचा परवाना असलेल्या जागेत सभा घेता येत नाही. दुसरी योग्य खोली फुकट किंवा वाजवी भाड्यात मिळतच नसेल तरच ती मुभा.

वार्षिक पॅरिश मीटिंग ही वेगळी गोष्ट. ती मतदारांची सभा, आपल्या ग्रामसभेच्या जवळची. १ मार्च ते १ जून या काळात, संध्याकाळी सहाच्या आधी नाही, नोटीस सात पूर्ण दिवसांची. सहा मतदार मिळूनही अशी सभा बोलावू शकतात. तिथला ठराव कौन्सिलवर बंधनकारक नसतो, पण भरलेल्या खोलीतला ठराव दुर्लक्षित करणं कुठल्याही कौन्सिलला जड जातं.

पैशांकडे येऊ. कौन्सिल हिवाळ्यात अंदाजपत्रक करते आणि लागणारी रक्कम डिस्ट्रिक्ट कौन्सिलला कळवते. ही मागणी म्हणजे प्रीसेप्ट. उदाहरणादाखल आकडे घेऊ: क्लार्कचा पगार ४,२०० पौंड, विमा ६००, गवतकापणी २,०००, सभागृहाचं भाडं २००, सूचनाफलक आणि डिफिब्रिलेटर (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा धक्का देणारं यंत्र) ५००, निवडणुकीसाठी राखीव ५००, इतर १,०००, एकूण ९,००० पौंड. घरांचे किमतीनुसार ए ते एच असे करगट, म्हणजे बँड, असतात. गावाचा टॅक्स बेस, म्हणजे सगळी घरं बँड डी मध्ये बदलून येणारी संख्या, १८० असेल तर बँड डी घराला वर्षाला ५० पौंड. बँड ए ला त्याच्या सहा-नवमांश, ३३ पौंड ३३ पेन्स. बँड एच ला दुप्पट, १०० पौंड. पुढच्या वर्षी प्रीसेप्ट तेवढाच राहून टॅक्स बेस १७६ वर आला, तर बँड डी चा आकडा ५१ पौंड १४ पेन्स होतो. म्हणून टक्केवारी पाहून भांडायला जाण्याआधी प्रीसेप्टची मूळ रक्कम बघा. निवडणुकीचा राखीव निधी फुकाचा नाही: लढत झाली तर डिस्ट्रिक्ट कौन्सिल तिचा खर्च पॅरिशकडून वसूल करू शकते आणि लहान गावाचं गणित एका पोटनिवडणुकीत कोलमडतं.

हिशेब दर वर्षी ३० जूनपर्यंत सभेत मंजूर व्हावे लागतात. वार्षिक उलाढाल २५,००० पौंडांच्या आत असेल तर कौन्सिल बाहेरच्या लेखापरीक्षकाच्या तपासणीतून सूट घेऊ शकते, पण अंतर्गत तपासणी चुकत नाही. हिशेब मतदारांसाठी ३० कामकाजाचे दिवस खुले ठेवावेच लागतात, आणि जुलैचे पहिले दहा कामकाजाचे दिवस त्यात यायला हवेत. त्या काळात क्लार्कला लिहून व्हाउचर पाहायला मागा. तो तुमचा हक्क आहे. एक नेहमीची गळती: सदस्य स्वतःच्या नावावर बाक खरेदी करतो आणि पावती आणतो. बिल कौन्सिलच्या नावावर नसेल तर व्हॅट परत मिळत नाही. ६०० पौंडांच्या बिलात १०० पौंड व्हॅट असतो. लहान गावाला ही रक्कम मोठी.

१८९४ ची ती रेषा सर्वांत लख्ख दिसते ती जुन्या स्मशानात. चर्चभोवतीची दफनभूमी भरली आणि राजाज्ञेने, ‘ऑर्डर इन कौन्सिल’ने, बंद झाली, की चर्च कौन्सिल लेखी पत्र देऊन तिची निगा पॅरिश कौन्सिलवर सोपवू शकते. पत्रानंतर तीन महिन्यांनी जबाबदारी येते: जागा नीटनेटकी ठेवायची आणि भिंती, कुंपण दुरुस्त ठेवायचं. पण त्याच तीन महिन्यांत पॅरिश कौन्सिलने ठराव करून डिस्ट्रिक्ट कौन्सिलला आणि चर्च कौन्सिलला कळवलं, तर ओझं डिस्ट्रिक्टकडे जातं. हे पत्र साधं दिसतं. ते पुढच्या सभेपर्यंत फायलीत पडतं, मध्ये ऑगस्टची सुट्टी येते, एखादी सभा कोरमअभावी बारगळते आणि मुदत निघून जाते. मग दोनशे वर्षांची, फुगलेली दगडी भिंत कायमची गावाच्या पट्टीवर. म्हणून पत्र आलं त्या दिवशी तारीख टाकून घ्या, आणि सर्वांत आधी राजाज्ञेची प्रत मागा. जागा ‘भरली’ म्हणजे ‘बंद’ झाली असं नाही. आज्ञा नसेल तर हे कलम लागूच होत नाही. जबाबदारी आली तरी मालकी येत नाही. जमीन अभिषिक्त राहते, आणि भिंतीला हात लावण्याआधी बिशपच्या न्यायालयाची ‘फॅकल्टी’ ही परवानगी लागू शकते. कललेल्या दगडांची नियमित तपासणी करून तारखेसह नोंद ठेवा. अपघात झाल्यावर विमा कंपनी ती वही मागते.

तुम्हाला भाग घेता येतो का? येतो. भारत राष्ट्रकुलात असल्याने कुठल्याही वैध व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला स्थानिक निवडणुकीत मत आहे. नाव मतदार यादीत घालून घ्या. उभं राहण्यासाठी मात्र वास्तव्याचा कायमस्वरूपी परवाना, म्हणजे आयएलआर, हवा. किंवा परवान्याची गरजच नसलेली स्थिती हवी. वय १८ पूर्ण, आणि गावच्या यादीत नाव, किंवा गेलं वर्षभर पॅरिशमध्ये किंवा तीन मैलांच्या आत वास्तव्य, किंवा मुख्य काम पॅरिशमध्ये, यांपैकी एक पुरतं. लहान गावांत जागा रिकाम्या राहणं नेहमीचं. मध्येच जागा रिकामी झाली की नोटीस लागते. चौदा दिवसांत (रविवार-सुट्ट्या सोडून) दहा मतदारांनी लेखी मागणी केली तर पोटनिवडणूक, नाहीतर कौन्सिल स्वीकृत सदस्य घेते. निवडून आल्यावर २८ दिवसांत नोकरी, जमीन, करार हे आर्थिक हितसंबंध नोंदवावे लागतात, जोडीदाराचेही. ते मुद्दाम लपवणं फौजदारी गुन्हा आहे.

इतिहासाचे कागद बहुतेक वेळा काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात गेलेले असतात. मागताना नेमकं नाव घ्या: व्हेस्ट्रीचं इतिवृत्त, ओव्हरसीअरचे हिशेब, सेटलमेंट सर्टिफिकेट, चर्चवॉर्डनचे हिशेब, १८३६ नंतरचा दशांश-नकाशा आणि त्याची यादी. यादीत प्रत्येक तुकड्याचा क्रमांक, मालक, कसणारा आणि शेताचं नाव मिळतं. तुमच्या घराखालची जमीन तिथे शोधणं ही उत्तम सुरुवात. वाचताना तीन गोष्टी सांभाळा. १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागे, म्हणून फेब्रुवारी १७१० ची नोंद आपल्या हिशेबाने १७११ ची. ओव्हरसीअरचं वर्ष ईस्टर ते ईस्टर, त्यामुळे दोन वह्यांची बेरीज पंचांगाच्या वर्षाशी जुळणार नाही. पैशांत एक पौंड म्हणजे २० शिलिंग किंवा २४० पेन्स. मॅनर कोर्टाच्या नोंदी १७३३ पर्यंत बहुधा लॅटिनमध्ये असतात, तिथे मदत घ्या. आणि वाचनकक्षात जाताना पेन्सिल न्या; शाईचं पेन दारातच ठेवायला सांगतात.